न उघडता विकलेले कपाट

मी, खाली सही करणार, वय वर्षे बहात्तर, धंदा माणूस गेल्यावर त्याचे घर रिकामे करून देणे, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी त्यांच्या टेबलावर एक टिचकी मारली आणि उजवा पाय वाळवीने आतून पोकळ झाल्याचे सांगितले. त्यांनी लगेच सही केली. मला कोणी फूस लावलेली नाही की माझ्यावर कोणाचा दाब नाही. छातीत पाणी साठते, काढले की पुन्हा साठते, तेवढाच काय तो दाब.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. दुसऱ्यांची पुष्कळ वाचली. बहुतेक भलत्याच खणात सापडली.

माझ्यामागे माझी एकुलती एक मुलगी आहे. ती दूरच्या शहरात असते आणि तिला अकरा वर्षांची मुलगी आहे. बहिणीचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, माझ्या धंद्यात आहे. आणि घुम्या आहे. तो रक्ताचा कोणी नाही, पण एकोणतीस वर्षे कपाटाचे दुसरे टोक त्याने धरले आहे.

कलम १. हे आत्ताच का लिहितो

जिन्याच्या एकवीस पायऱ्या आता चढवत नाहीत, म्हणून पाच महिने मी गोदामाला लागून असलेल्या कचेरीच्या खोलीत झोपतो. मध्ये प्लायवूडची भिंत आहे. भाच्याचा समज असा की म्हातारा झोपला की त्याचे कानही झोपतात. माझी अर्धी कमाई या कानांची आहे, हे तो विसरला. लाकूड आतून कसे आहे ते टिचकीवर कळते, आणि माणसे आतून कशी आहेत ते शेजारच्या खोलीतल्या कुजबुजीवर.

मंगळवारी दुपारी भाचा आणि भाचेसून भिंतीपलीकडे गोणपाटांच्या घड्या घालत होते.

"अहो, मामांच्या खोलीतल्या सामानाचं काय ठरवलंय?"

"ठरवायचं काय त्यात? तीन दिवसांत खोली मोकळी. मामांचाच नियम आहे."

"पलंग?"

"भंगारात. पेटी खपेल. टेबलाला गिऱ्हाईक आहे माझ्याकडे."

"आणि ते कपाट?"

"ते आपल्याकडे. असं लाकूड आता बघायला मिळत नाही. ताई यायच्या आत हलवू, नाहीतर डोळ्यांत पाणी आणून मागत बसेल."

"पण ताई येतील का?"

"मामी गेल्या तेव्हा आली होती का?"

इथे मला ठसका लागला. पलीकडे सगळे चिडीचूप. मग भाच्याचा गोड आवाज आला, "मामा, जागे आहात?"

"नाही," मी म्हणालो.

मला त्याचा राग आला नाही. अंदाज अगदी बरोबर होते, मीच शिकवलेले. त्याच्या जागी मी असतो तर पलंग मीही भंगारातच काढला असता. पण दोन गोष्टी मला लागल्या. एक ते कपाट, आणि दुसरी, आईच्या वेळी मुलगी आली नाही हे वाक्य. त्याचे उत्तर फक्त माझ्याजवळ आहे आणि अकरा वर्षे मी ते कोणाला दिलेले नाही. खालची सगळी कलमे त्या उत्तरासाठी लिहिली आहेत. वकीलबाई म्हणाल्या, "काका, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हणालो, बसवा. तीन खोल्यांचे सामान मी एका टेंपोत बसवलेले आहे.

कलम २. धंद्याचे दोन नियम

हे कलम मुलीसाठी नाही, तिला हे नियम पाठ आहेत. ते नातीसाठी आहे. आजोबा काय करायचे, असे कोणी तिला विचारले तर तिला सांगता यावे.

एकोणिसाव्या वर्षी मी डोक्यावर फर्निचर वाहणारा हमाल होतो. आमचा मुकादम जाडजूड, दमेकरी माणूस. पहिल्याच घरात त्याने माझे मनगट धरून माझा हात एका रिकाम्या खणात कोपरापर्यंत घातला. "डोळ्याने बघू नकोस रे, हाताने बघ. डोळा दमतो." खणाच्या तळाशी वर्तमानपत्र अंथरलेले होते, त्याखाली एक वही. घर एका हेडमास्तरांचे. वही त्यांच्या लहानपणी गेलेल्या मुलाची, त्यात सगळी मिळून चार अक्षरे गिरवलेली. मास्तरांच्या विधवेला ती दिली तेव्हा ती बाई खालीच बसली. हा पहिला नियम. कोणतीही बंद वस्तू न उघडता घराबाहेर काढायची नाही. खिसे उलटे करायचे, अस्तरे चाचपायची, कागदाखाली हात घालायचा. पैसे मिळतील म्हणून नव्हे. आपण जे नेतो ते काय आहे, हे नेणाऱ्याला माहीत पाहिजे.

दुसरा नियम माझा. एका घरी एका आईने गेलेल्या मुलाची खोली नऊ वर्षे तशीच ठेवली होती. टेबलावर अर्धवट तासलेली पेन्सिल आणि तिच्या टरफलांवर धूळ. आई गेल्यावर आम्ही ते घर काढले, म्हणजे रिकामे केले, तेव्हा कळले की ती बाई इतकी वर्षे स्वयंपाकघराच्या ओट्याखाली अंथरूण घालून झोपत होती. उरलेले सगळे घर त्या खोलीने गिळले होते. त्या दिवशी मी ठरवले, तीन दिवस. चौथ्या दिवशी खोली रिकामी, पुसलेली, खिडक्या उघड्या. याबद्दल शिव्या खूप खाल्ल्या. सहा महिन्यांनी आभार मानायला आलेली माणसेही खूप.

दोन्ही नियम चांगले आहेत. माझ्या स्वतःच्या घरात मी एक पाळला आणि एक मोडला. नेमके उलटे करायला हवे होते.

कलम ३. धंदा

गोदाम, टेंपो आणि गिऱ्हाइकांच्या वह्या भाच्याला. माणूस वाईट नाही, घाईचा आहे. ती घाई माझ्याकडूनच गेली. अटी अशा. गेलेल्या माणसाच्या घरात चप्पल घालून शिरायचे नाही. घरच्यांसमोर वस्तूला "माल" म्हणायचे नाही. भाव बाहेर टेंपोपाशी बोलायचा. आणि भिंतीला कान असतात असे समजून बोलायचे. काही भिंतींना खरेच असतात, हे त्याला मंगळवारी कळले आहे.

अकरा वर्षांपूर्वीची नोंदवही मात्र त्याला नाही. ती मुलीची. त्यातले सत्तेचाळिसावे पान दुमडून ठेवले आहे.

कलम ४. घुम्या

ढकलगाडी, दोर, कातडी पट्टे, सगळे पाने आणि पटाशा घुम्याला. गोदामामागची खोली तो जिवंत असेपर्यंत त्याची, भाच्याने भाडे मागायचे नाही. घुम्या वर्षाला दहा शब्द बोलतो. त्यातले सहा त्याने एकदा एका दमात खर्च केले आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. ते सहा शब्द कलम ७ मध्ये येतील.

कलम ५. काटामारू

नाक्यावरचा भंगारवाला, ज्याला सगळे काटामारू म्हणतात, त्याला माझा वजनकाटा द्यावा. तो अचूक आहे. त्याच्या दुकानात तसा एकही नाही, तेव्हा निदान नमुना म्हणून ठेवावा. त्याने सदतीस वर्षे मला फसवले आणि मी त्याला पोकळ पितळी मूर्ती भरीव म्हणून विकल्या. आमचे दोघांचे फिटले, तरी काटा न्यायला त्याने स्वतः यावे. पाठवू नये. उचलताना त्याचे तोंड कसे होते ते घुम्याने माझ्या वतीने बघावे.

कलम ६. राहते घर आणि बँकेतली शिल्लक

वरचे दोन खोल्यांचे घर, खालची ही कचेरीची खोली आणि बँकेत जे असेल ते मुलीला. अट अशी की तिने इथे येऊन चार दिवस राहावे आणि माझ्या खोलीतले सामान स्वतःच्या हाताने आवरावे. मी गेल्यापासून चार दिवसांच्या आत ती आली नाही, तर घर भाच्याकडे जाईल.

कलम ७. कपाट

माझी पत्नी अकरा वर्षांपूर्वी गेली. शेवटचे तीन महिने ती याच खोलीत होती, जिथे आज माझा पलंग आहे. तेव्हा ही कचेरी नव्हती. पूर्वेच्या भिंतीला तिचे कपाट होते. मी पलीकडे गोदामात काम करायचो आणि प्लायवूडमधून तिच्या सुयांचा आवाज ऐकू यायचा. ती विणायची. दिवस दिवस विणायची. एक ओळ संपली, सुई बदलली, टाका सुटला म्हणून स्वतःवरच चरफडली, हे मला इकडे बसून कळायचे. काय विणते आहेस, हे मी तीन महिन्यांत एकदाही विचारले नाही. वाटले, वेळ काढते आहे.

मुलीने आमच्या मनाविरुद्ध लग्न केले होते आणि मायलेकींचे बोलणे दोन वर्षे बंद होते. आधी कोण गप्प बसले ते दोघींनाही आठवत नसावे. मुलीला दिवस आहेत हे आम्हाला तिसऱ्याकडून कळले. आठवा लागला तेव्हा डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायलाच मनाई केली होती. भाचेबुवा, मामीच्या वेळी ती का आली नाही याचे उत्तर हे. तुम्ही विचारले नाहीत, मी सांगितले नाही.

जाण्याआधी पाच दिवस पत्नीने तिला फोन केला. मी भिंतीपलीकडून ऐकले. "खालच्या कप्प्यात तुझ्यासाठी ठेवलंय. मोकळी झालीस की ये आणि घेऊन जा. नाही, फोनवर नाही सांगणार. बघशील तेव्हा कळेल मी रागावलेय की नाही." मग तिने मला हाक मारली. "हे बघा, लोकांची घरं तीन दिवसांत काढता ते काढा. माझ्या सामानाला पोरगी येईपर्यंत हात लावायचा नाही."

"बरं," मी म्हणालो.

ती रविवारी गेली. बुधवारी खोली रिकामी होती.

कारण लिहितो, सबब म्हणून नव्हे. सोमवारी सकाळी मी गोदामात बसलो आणि पलीकडून काहीच आवाज येईना. माझ्या कानांना अशी शांतता माहीत आहे, रिकाम्या घराची. मला फक्त एकच काम येते आणि ते मी केले. पलंग, गादी, औषधे, कपडे, खुर्ची. कपाटाला कुलूप होते. किल्ली माझ्या हातात होती. ती मी कुलपापर्यंत नेली आणि खिशात टाकली. घुम्याला म्हणालो, "हे असंच उचल."

तेव्हा घुम्या बोलला. "मालक, उघडून बघू या. वहिनींचं आहे."

"उचल," मी म्हणालो.

पान सत्तेचाळीसवर घुम्याच्या अक्षरात नोंद आहे: कपाट एक, लाकडी, कुलूपबंद, नेणार शिंपी. चाळीस वर्षांच्या वह्यांत "कुलूपबंद" हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी सापडेल.

बाराव्या दिवशी तो शिंपी दारात येऊन उभा राहिला. सरळ माणूस. गळ्यात मोजपट्टी तशीच.

"काका, किल्ली दिली नव्हतीत, म्हणून कुलूप तोडलं. खालच्या कप्प्यात बरंच काही निघालंय. हाताने केलेलं आहे. नीट बांधून ठेवलंय बायकोने, येऊन बघता का?"

मी मान वर केली नाही. "आमच्याकडे नियम आहे. कपाटासकट जे असेल ते घेणाऱ्याचं."

"तरी एकदा नजर टाका."

"नियम म्हणजे नियम."

असा नियम आमच्याकडे नव्हता. मी तो त्या क्षणी बनवला. घुम्या मागे उभा होता, त्याने ऐकले.

पुढे महिन्याभराने मुलगी आली, वीस दिवसांचे बाळ छातीशी धरून. आईची खोली म्हणून ती आत शिरली आणि टेबल, दोन खुर्च्या आणि टेलिफोन बघून उंबऱ्यातच थांबली. पुढचे बोलणे मला शब्दन्‌शब्द पाठ आहे.

"कपाट कुठाय, बाबा?"

"गेलं."

"खालचा कप्पा बघितलात ना?"

"बघितला."

"हात घालून?"

माझ्याच घरात वाढलेली पोर. तिला बरोबर माहीत होते काय विचारायचे.

"हात घालून," मी म्हणालो.

"काही नव्हतं?"

"नव्हतं."

तिने बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतले. "मग आई खोटं बोलली," ती म्हणाली. "मला यायला लावायला."

मी गप्प बसलो. काहीतरी निघाले आहे हे मला तेव्हा माहीत होते. काय, ते माहीत नव्हते. शिंप्याचे दुकान इथून चालत पंधरा मिनिटांवर. मी उठलो असतो तर ती चहा संपवायच्या आत परत आलो असतो. पण मग मला सांगावे लागले असते की मी उघडले नाही.

तेव्हापासून ती महिन्यातून एकदा फोन करते. "बरे आहात ना? औषधं घेताय ना?" आईचे नाव काढत नाही. नातीने एकदा मला फोनवर विचारले, "आजोबा, आजी कशी दिसायची?" म्हणजे घरात आईचा एक फोटोसुद्धा लावलेला नाही. माझ्या खोटेपणाची शिक्षा मेलेल्या बाईला मिळाली आणि अकरा वर्षे ती भोगते आहे.

कलम ८. कपाटात काय होते

तीन वर्षांपूर्वी तो शिंपी वारला आणि त्याच्या बायकोने घर काढायला मलाच बोलावले. इतकी वर्षे त्या गल्लीतून जायला नको म्हणून मी टेंपो वळसा घालून नेत आलो होतो. आत गेलो तर समोर कपाट. मी खाली वाकून खालच्या कप्प्यात कोपरापर्यंत हात घातला. आठ वर्षे उशिरा. आत शिंप्याच्या कात्र्या होत्या.

सामान काढता काढता खुंटीवरच्या मफलरला मी हात लावला. पाच रंगांचे पाच पट्टे.

"तो नाही हं भाऊ," त्या म्हणाल्या. "तो जायचा नाही. त्याची वेगळी गोष्ट आहे."

ती गोष्ट त्यांच्याच शब्दांत लिहितो. मला त्यात एक शब्दही घालायचा किंवा काढायचा नाही.

"हे कपाट घेतलं ना, त्यात खाली लोकरीची पाच बोचकी होती. स्वेटर, टोपी, मोजे, असं पाचही बोचक्यांत. प्रत्येकाला सेफ्टी पिन लावून चिठ्ठी. पहिला हिवाळा. दुसरा हिवाळा. असं पाचव्यापर्यंत. मापं वाढत नेलेली. माझे हे म्हणाले, बघ गं, ही बाई न बघितलेल्या पोराची पाच वर्षांची मापं नुसत्या मनाने काढून बसलीय, आणि एक टाका ढिला नाही. विचारायला गेले होते हे त्या गोदामात. म्हणाले, ठेवून घ्या. तेव्हा माझी पोरगी दोन महिन्यांची. पाच हिवाळे घातले तिने. दर वर्षी चिठ्ठी बघून बोचकं सोडायचं आणि दर वर्षी अंगात बरोबर बसायचं. मग ते सगळं उसवून मी ह्यांना मफलर केला. टाकवेना. कोण बाई होती कोण जाणे."

"माझी बायको," मी म्हणालो.

त्यांनी मफलर खुंटीवरून काढून स्वतःच्या हातात घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या गोदामातले ते तुम्ही."

चिठ्ठ्या राहिल्या नाहीत. मी विचारले. पाचही बोचक्यांतले मफलर सोडून काहीच राहिलेले नाही.

कपाट मी परत आणले आणि टेबल बाजूला सारून त्याच्या जुन्या जागी ठेवले. फरशीवर त्याच्या चार पायांचे डाग अजून होते, चारही पाय बरोबर त्यांवर बसले. ते कपाट मी मुलीला देतो. तोडलेले कुलूप आणि माझ्या खिशातली किल्ली त्याच्या वरच्या खणात आहेत. भाच्याने त्याला हात लावू नये. मोह झालाच तर भिंतीला कान आहेत हे आठवावे.

मुली, हे सगळे तुझ्यासाठी लिहिले आहे. तुझी आई खोटे बोलली नाही. ती रागावलेली नव्हती, आणि किती रागावलेली नव्हती ते पाच हिवाळ्यांच्या मापाने तिने ठेवले होते. खोटे मी बोललो. हे सांगायला तीन वर्षांत तीनदा तुला फोन लावला. तुझा "हॅलो" ऐकला आणि औषधांचे बोललो.

कलम ९. कलम ६ मधली अट रद्द

कलम ६ लिहून आठ दिवस झाले. त्यातली चार दिवसांची अट मी रद्द करतो. घर, ही खोली आणि बँकेतली शिल्लक मुलीची, ती आली तरी आणि न आली तरी. वकीलबाई म्हणाल्या, "काका, अट नसेल तर त्या येतीलच असं नाही." खरे आहे. पण एकदा तिच्या आईने तिला यायला सांगितले आणि ती आली तेव्हा मी कपाट विकून बसलो होतो. आता मी कोणत्या तोंडाने अट घालू?

कलम १०. माझे स्वतःचे सामान

दोन शर्ट, तीन पायजमे, चष्मा, रेडिओ, कानात घालायचे यंत्र (वापरलेले नाही, गरज पडली नाही), पेटी. याला तीन दिवसांचा नियम लावावा. पहिल्या नियमासकट. पेटीच्या तळाच्या कागदाखाली हात घालावा. काही नाही, पण घालावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

सहीआधीची नोंद

माझा हात थरथरतो, म्हणून इथून पुढचे अक्षर वकीलबाईंचे, शब्द माझे.

साक्षीदार म्हणून मी डॉक्टरांना आणि शिंप्याच्या बायकोला बोलावले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, आणि या दोघांना काही मिळत नाही. वकीलबाईंनी पहिल्यापासून मोठ्याने वाचले. कलम ८ संपल्यावर वहिनींनी, म्हणजे शिंप्याच्या बायकोने, पेन खाली ठेवले.

"हे पोरीला अजून माहीत नाही?"

"मृत्युपत्र उघडलं की कळेल," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्ही गेल्यावर."

"हो."

"म्हणजे भाऊ, पुन्हा कुलूप लावूनच देताय."

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. मी म्हणालो, वहिनी, सही करा, आणि जमलं तर तो मफलर कपाटात ठेवून जा, तिला मिळेल. थंडी होती म्हणून त्या तो घालूनच आल्या होत्या. त्यांनी त्याची दोन्ही टोके मुठीत धरली.

"तुमच्या हातात देणार नाही. तुमच्या हातात आलं की त्याचं सामान होतं. पोरगी आली तर तिच्या गळ्यात मी घालीन. आणि सही हवी असेल तर आधी फोन लावा."

फोन वकीलबाईंनी लावला. मी कलम ७ आणि ८ वाचून दाखवली. वाचल्याशिवाय मला बोलता आले नसते. पलीकडे नळ चालू होता, तो कलम ७ च्या मध्यावर बंद झाला. नंतर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वाचून झाल्यावर मुलीने एकच विचारले.

"पाचवा कुठल्या रंगाचा होता?"

मी मफलरच्या टोकाकडे बघितले. "पिवळा."

"पिवळा पहिला," वहिनी म्हणाल्या. "पाचवा निळा."

"निळा," मी फोनमध्ये सांगितले.

मागून नातीचा आवाज आला, "आई, कोणाचा फोन आहे?"

"आजीचा," मुलगी म्हणाली, आणि फोन ठेवला.

ती येईल की नाही, हे मला ठाऊक नाही. वर लिहिलेले त्यामुळे खोडत नाही. बोललेले विरून जाते. लिहिलेले तिने हात घालून बघावे.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी ते ऐकले, आणि ते माझेच आहे.

सही: मृत्युपत्र करणार

साक्षीदार १: डॉक्टर. मृत्युपत्र करणाऱ्याने आमच्यादेखत सही केली. हात थरथरत होता, अक्षर वाचता येते.

साक्षीदार २: शिंप्याची पत्नी. त्यांनी सही केली ती मी बघितली आणि मग माझी केली. मफलर माझ्याकडे आहे. तो घेऊन मी कुठे जाणार नाही.

स्थळ: गोदामाशेजारची खोली, पूर्वेच्या भिंतीला कपाट

दिनांक: नऊ जानेवारी, दुपारी सव्वातीन